अठराव्या वर्षाची दाढ

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला घेऊन आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो दुष्काळाची, पुराची, नाहीतर घरातल्या कुणाच्या लग्नाची आठवण सांगायचा. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. बोटे कानाला टेकली की सहा वर्षे पुरी झाली असे धरून पटावर नाव चढे आणि तारखेच्या रकान्यात 1 जून पडे. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली, बढती झाली, निवृत्तीचा कागद निघाला.

हाताची लांबी ही वयाची तशी कच्ची साक्ष. हाडापेराने थोराड पोर पाचव्या वर्षीच कान धरते, खुरटलेले सातव्या वर्षीही चाचपडते. गुरुजींनी त्याच पोराला तोंड उघडायला सांगितले असते तर बरेच पक्के उत्तर मिळाले असते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना बहुधा तिचा पत्ताही लागत नाही. शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलाचे वय उघड्या डोळ्यांनी ताडायला याहून चांगली खूण शरीरात क्वचितच सापडेल.

ही खूण कायद्याच्या कामाला पहिल्यांदा लागली ती इंग्लंडच्या कापड गिरण्यांत. 1833 च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि तेरा वर्षांपर्यंतच्यांच्या कामाचे तास बांधले. पण जन्मनोंदणीच नव्हती. पोट भरायला निघालेले आईबाप मुलाला नऊ वर्षांचे म्हणत, मालक मान डोलावत, आणि डॉक्टर अंगकाठी बघून दाखला देत. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजाराहून अधिक मुलांची तोंडे तपासली आणि 1837 मध्ये आपले टिपण ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवले. उंचीपेक्षा दात जास्त भरवशाचे, हे त्याचे म्हणणे होते. दातांवरून वय ठरवण्याच्या शास्त्राची सुरुवात अशी यंत्रांमागे राबणाऱ्या पोरांपासून झाली, याचा विसर पडू देऊ नये असे मला वाटते. पुढे मुंबईच्या गिरण्यांपुढेही हाच पेच आला. 1881 च्या कायद्याने सात वर्षांखालची मुले कामावर घ्यायला मनाई झाली, 1891 मध्ये ती मर्यादा नऊवर गेली, आणि जन्माचा कागद नसलेल्या पोरांचे वय ठरवायचे काम इथेही दाखला देणाऱ्या डॉक्टरांवर आले.

दात इतके चांगले साक्षीदार का ठरतात? पहिले कारण, त्यांची वाढ आईच्या पोटातच सुरू होते आणि विशीपर्यंत चालते. बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले की पहिला दुधाचा दात दिसतो, अडीच वर्षांच्या आसपास वीसही येतात. सहा ते बारा हा काळ सरमिसळीचा. पटाशीचे दात पडून नवे येतात, मग उपदाढा, सुळे, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी मोठी दाढ. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. उपासमारीने आणि आजारपणाने हाडांची वाढ जितकी मागे पडते तितकी दातांची पडत नाही. कुपोषित मूल दोन वर्षांनी लहान दिसेल, पण त्याचे दात बहुतेक वेळा खऱ्या वयाच्या जवळ राहतात.

तरी दात हिरडीतून बाहेर येणे ही तशी वरवरची घटना आहे. दुधाची दाढ किडून लवकर काढली, जबड्यात जागा कमी असली, तर वेळापत्रक हलते. हिरडीच्या आत दात कसा घडतो आहे, हे पाहणे जास्त खात्रीचे. आधी माथ्याची टोके कठीण होतात, मग माथा पुरा होतो, मग मूळ खाली लांबत जाते आणि शेवटी मुळाचे टोक मिटते. बाहेर आल्यावरही मूळ मिटायला साधारण तीन वर्षे लागतात. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, म्हणजे दवाखान्यात ज्याला ओपीजी म्हणतात तो, काढला की हे सगळे टप्पे एका फिल्मवर दिसतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डेमिर्जियन यांनी गोल्डस्टाइन आणि टॅनर यांच्यासह 1973 मध्ये या टप्प्यांना ए ते एच अशी आठ नावे दिली. खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या सात दातांचा टप्पा ठरवायचा, प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि तक्त्यातून वय वाचायचे. मुलींचे दात मुलग्यांच्या पुढे धावतात म्हणून तक्ते वेगळे. पद्धत सोपी आणि शिकवता येण्याजोगी असल्याने ती जगभर गेली.

तिथेच तिची अडचणही उघडी पडली. तो तक्ता फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या सुमारे 2900 मुलांवरून बनवलेला होता. 1998 मध्ये कोशी आणि टंडन यांनी तो दक्षिण भारतातल्या मुलांना लावून पाहिला तेव्हा वय सरासरी तीनेक वर्षांनी जास्त निघाले. तीन वर्षे म्हणजे चौदाचे सतरा. पुढे धारवाडच्या आशिथ आचार्य यांनी अक्कलदाढेसह आठ दातांसाठी भारतीयांना जुळणारी सूत्रे 2011 मध्ये मांडली, त्याने फरक पुष्कळ कमी झाला. पण आपल्या कितीतरी प्रयोगशाळांत आणि पाठ्यपुस्तकांत अजून परक्या मुलांचीच पट्टी आहे, आणि ती परकी आहे हे अहवाल वाचणाऱ्याला कळत नाही.

यामागे एक खोल गणिती गोम आहे. फ्रान्समधल्या बोके-आपेल आणि मासे यांनी 1982 मध्ये ती दाखवून दिली. तुम्ही ज्या लोकांवरून पट्टी बनवता त्यांच्या वयांची ठेवण, मोजल्या जाणाऱ्या माणसाला चिकटते. नमुन्यात मध्यमवयीन जास्त असतील तर तरुण माणूस थोराड ठरतो आणि म्हातारा लहान ठरतो. त्यांचे बोलणे प्राचीन सांगाड्यांविषयी होते, पण आजच्या न्यायवैद्यकालाही ते तंतोतंत लागू आहे.

बैलबाजारातला जाणता माणूस हे सगळे वेगळ्या शब्दांत जाणतो. वासरू आदत आहे, म्हणजे अजून दुधाच्या दातांवर आहे. खालच्या जबड्यातली कायमची पहिली जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा, मग सहा दाती, आणि आठही आले की जनावर जुळले. शंकरपटात आणि बैलगाडा शर्यतीत गटसुद्धा याच नावांनी पडतात. जुळेपर्यंत कुणी वयाबद्दल फसवू शकत नाही. जुळल्यावर मात्र दातांची झीज बघायची, आणि तिथून पुढे घासाघीस आणि अंदाज. माणसाचेही तेच. तोंडात दोन घड्याळे आहेत, एक वाढीचे आणि एक झिजेचे. पहिले विशीच्या आसपास थांबते. दुसरे आयुष्यभर चालते, पण प्रत्येकाच्या तोंडात वेगळ्या गतीने.

वाढीच्या घड्याळाची सूक्ष्म बाजू तर थक्क करणारी आहे. दाताचे वरचे कठीण आवरण, एनॅमल, रोज थोडे थोडे साचते आणि त्या रोजच्या साचण्याची रेघ त्यात उमटते. झाडाच्या खोडात वर्षाचे वलय असते, इथे दिवसाचे आहे. जन्माचा धक्काही त्यात नोंदला जातो. जन्माच्या वेळी घडत असलेल्या दातांत एक ठळक रेघ राहते, आधीचे एनॅमल पोटातले आणि नंतरचे बाहेरच्या जगातले. त्या रेघेपलीकडे एनॅमल साचलेले दिसले तर मूल जन्मानंतर काही दिवस तरी जगले होते असे म्हणता येते. अर्भकाच्या मृत्यूच्या चौकशीत या रेघेचे मोल किती असेल, ते वेगळे सांगायला नको.

याच रेघांनी माणसाच्या पूर्वजांविषयीची एक समजूत बदलली. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या टाँगच्या बालकाची कवटी 1925 मध्ये रेमंड डार्ट यांनी जगापुढे आणली. पहिली कायमची दाढ फुटलेली, म्हणजे वय सहाच्या आसपास, असा हिशेब होता. 1985 मध्ये ब्रोमेज आणि डीन यांनी त्या काळच्या पूर्वजांच्या दातांवरच्या रेघा मोजल्या आणि अशा बालकांचे वय तीन वर्षांच्या जरा पुढे आले. त्या पूर्वजांची पोरे आपल्यासारखी सावकाश नव्हे, तर वानरांसारखी झटपट वाढत होती. दाढ तीच, पण तिचे वेळापत्रक आपले धरल्यामुळे वय दुप्पट झाले होते.

आपल्या मातीतले उदाहरण घोड नदीच्या काठी आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून दीड दशक उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत मेलेल्या लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. त्या मडक्यांतली हाडे ठिसूळ होऊन विस्कटतात, कधी निम्मी विरघळून जातात. दातांचे माथे मात्र राहतात. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या सांगाड्यांचा अभ्यास केला. बालकांची वये ठरवायला अशा ठिकाणी दातांइतका दुसरा आधार नसतो. त्या दातांच्या एनॅमलवर जिथे खळगे आहेत, तिथे ते मूल कोणत्या महिन्यात आजारी किंवा उपाशी होते हेही वाचता येते. आईने मडक्यात ठेवलेल्या बाळाचे वय महिन्यांच्या हिशेबात सांगता यावे, ही मला या सगळ्या शास्त्राची सर्वांत हळवी जागा वाटते.

प्रौढांकडे आलो की खात्री कमी होते. स्वीडनच्या गुस्ताफसन यांनी 1950 मध्ये सहा खुणा एकत्र केल्या. दाताची झीज, हिरडीचे खाली सरकणे, एनॅमलखालच्या थराचे (डेंटीनचे) आतल्या पोकळीत नव्याने साचणे, मुळावरचा वाढता लेप, मुळाचे विरघळणे आणि मुळाच्या टोकाकडून वर चढत जाणारी पारदर्शकता. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. दात काढून, कापून, पातळ करून बघावा लागत असल्याने ही पद्धत मुख्यतः अनोळखी मृतदेहांसाठीच. त्यांनी सांगितलेली चूक साडेतीन वर्षांच्या जवळपास होती. 1979 मध्ये मेपल्स आणि राइस यांनी हिशेब पुन्हा मांडला तेव्हा ती जवळपास दुप्पट निघाली. सहांपैकी मुळाची पारदर्शकता सर्वांत टिकाऊ ठरली, झीज सर्वांत फसवी.

झीज फसवी का, हे महाराष्ट्रात कळायला वेळ लागू नये. जात्यावरच्या पिठाची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली माणसे, सुपारी कातरून सतत चघळणारी माणसे, आणि रोज सकाळी मिसरी लावणाऱ्या बाया. मिसरीच्या घासण्याने पस्तिशीतल्या बाईचे दात पन्नाशीचे वाटू शकतात. उलट मऊ अन्नावर वाढलेल्या शहरी माणसाची दाढ साठीतही कंगोरेदार असते. झिजेवरून वय सांगणारा खरे तर आहार आणि सवयी सांगत असतो.

म्हणून शास्त्रज्ञ सवयींचा हात पोचत नाही अशा जागा शोधू लागले. नसेची पोकळी वयानुसार आतून भरत जाते, तिचे आणि दाताचे प्रमाण एक्स-रेवर मोजता येते. हे क्वाल यांनी 1995 मध्ये आणि इटलीच्या कामेरिएरे यांनी 2004 मध्ये सुळ्यावर करून दाखवले. त्याहून नेमकी वाट रसायनशास्त्राची. डेंटीनमधले अस्पार्टिक आम्ल जन्मापासून एका रूपातून आरशातल्या दुसऱ्या रूपात सावकाश बदलत जाते. अंगाच्या स्थिर उष्णतेत हा बदल इतक्या नियमाने होतो की हेल्फमन आणि बेडा यांनी 1970 च्या दशकात त्याचे घड्याळ केले. पण मृतदेह जळाला असेल तर उष्णतेने तेच घड्याळ पुढे पळते.

सर्वांत विलक्षण पद्धत अणुबॉम्बने दिली. 1950 च्या दशकापासून 1963 च्या चाचणीबंदी करारापर्यंत उघड्यावर झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला आणि नंतर दरवर्षी उतरत गेला. झाडे तो घेतात, झाडांतून तो अन्नात येतो, अन्नातून घडत्या दातात. एनॅमल एकदा घडले की बदलत नाही. 2005 मध्ये स्पाल्डिंग, फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी एनॅमलमधला हा कार्बन मोजून जन्मसाल सुमारे दीड वर्षाच्या फरकाने सांगता येते असे दाखवले. हवेतले प्रमाण आता पूर्वीच्या पातळीजवळ येत असल्याने नव्या पिढ्यांसाठी ही वाट बंद होत चालली आहे.

आणि आता मूळ दुखणे. न्यायालयाला क्वचितच पाच वर्षांच्या किंवा पन्नास वर्षांच्या माणसाचे वय हवे असते. त्याला हवे असते अठरा. बालन्यायाच्या कायद्यात अठरा, लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या पोक्सो कायद्यात अठरा, मुलीच्या लग्नाला अठरा. पंधरा-सोळापर्यंत अक्कलदाढ सोडून सगळ्या दातांची मुळे मिटलेली असतात. म्हणजे ज्या वर्षी कायदा रेघ ओढतो त्या वर्षी तोंडात एकच साक्षीदार बोलता उरतो, आणि तो सर्वांत बेभरवशाचा. कुणाला अक्कलदाढ जन्मतःच नसते, कुणाची आडवी अडकते, कुणाची सतराव्या वर्षी येते तर कुणाची पंचविशीत. मुळाच्या मिटण्यातही दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. कामेरिएरे यांनी 2008 मध्ये उपाय सुचवला. अक्कलदाढेच्या मुळांची उघडी टोके किती रुंद आहेत ते मोजायचे, दाढेच्या लांबीने भागायचे, आणि उत्तर 0.08 पेक्षा कमी आले तरच अठरा पूर्ण धरायचे. सतराच्या मुलाला प्रौढ ठरवणे ही एकोणिसाच्या तरुणाला अल्पवयीन ठरवण्यापेक्षा वाईट चूक आहे, हा निर्णय त्या आकड्यातच आहे. म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. युरोपात आश्रय मागणाऱ्या तरुणांवरून हाच वाद पेटला. स्वीडनने 2017 पासून अक्कलदाढेचा एक्स-रे आणि गुडघ्याचा एमआरआय मोठ्या प्रमाणावर वापरला आणि संख्याशास्त्रज्ञांनी त्याच्या अर्थ लावण्यावर कडक आक्षेप घेतले. ब्रिटिश डेंटल असोसिएशन तर उपचाराचे कारण नसताना केवळ वय ठरवण्यासाठी एक्स-रे काढण्याच्याच विरोधात राहिली आहे.

आपला 2015 चा बालन्याय कायदा कागदाला पहिला मान देतो. कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तेव्हाच हाडांची किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय तपासणी. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. युवाप्रकाश प्रकरणात शाळा सोडल्याचा दाखला या यादीत बसत नाही असे स्पष्ट केले. कान धरून तारीख लावणाऱ्या गुरुजींची आठवण असलेल्या कुणालाही हा निकाल योग्य वाटेल. वैद्यकीय तपासणीचे अंतर 1982 च्या जया माला निकालापासून ठरल्यासारखे आहे, दोन्ही बाजूंना दोन वर्षे. अर्थात प्रत्येक खटल्यात हे अंतर आड येते असे नाही. मुंबईत 2009 मध्ये अजमल कसाबच्या वतीने तो अल्पवयीन असल्याचा दावा झाला, विशेष न्यायालयाने तपासणी करवली आणि तो वीस वर्षांहून मोठा असल्याचा निष्कर्ष निघाला. रेघेपासून इतके दूर गेल्यावर दात आणि हाडे पुरेशी असतात.

रेघेजवळ मात्र दोन वर्षांचा तोच आकडा आरोपी आणि पीडित या दोघांना दोन तऱ्हांनी लागू होतो. आरोपी स्वतः अल्पवयीन असल्याचे म्हणतो तेव्हा शंकेचा फायदा म्हणून वय खाली ओढले जाते. पोक्सोच्या खटल्यात पीडित मुलीचे वय वैद्यकीय अंदाजाने ठरवायचे असेल तर, दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितल्याप्रमाणे, अहवालातली वरची मर्यादा धरायची आणि तिच्यात आणखी दोन वर्षे मिळवायची. अहवाल सोळा ते अठरा म्हणाला तर मुलगी वीसची होते. फौजदारी न्यायाच्या तत्त्वाला धरूनच हे आहे. पण ज्या मुलीचा जन्म ऊसतोडीच्या फडावर झाला, जिचे शाळेत नाव टिकले नाही, तिच्याचकडे कागद नसतो. आणि कागद नसलेल्या मुलीचेच बालपण या चार वर्षांच्या पट्ट्यात हरवते. आईबापांनी हात धरून शाळेत नेलेल्या मुलीला ओपीजीची गरजच पडत नाही.

डॉक्टरांच्या अहवालात आजही पुष्कळदा एकच ओळ असते, वय अमुक ते अमुक. कोणती पद्धत, कोणत्या मुलांवरून बनलेला तक्ता, अठरा पूर्ण असण्याची शक्यता शंभरात किती, हे त्यात नसते. न्यायाधीश ते विचारू शकतात आणि वकिलांनी उलटतपासणीत ते विचारलेच पाहिजे. उत्तर देता यावे म्हणून आपल्या मुलांची पट्टी लागेल, आणि तिच्यासाठी नवे एक्स-रे काढायचीसुद्धा गरज नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत वाकडे दात सरळ करायला आणि अक्कलदाढ काढायला रोज मुले येतात. त्यांचे ओपीजी उपचारासाठी काढलेलेच असतात, आणि यांतल्या बहुतेकांची जन्मतारीख आता खरी आहे, 1 जून नाही. नाव झाकून, तारीख ठेवून, जिल्हा आणि मुलगा की मुलगी एवढे लिहून ती फिल्म बाजूला ठेवली तरी काही वर्षांत गडचिरोलीच्या मुलीची दाढ मॉन्ट्रियलच्या तक्त्यावर मोजावी लागणार नाही.